गेट म्हणजे दार, की रस्ता?

ओवी_लीड्स

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला आल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. इथल्या भर बाजारपेठेतल्या रस्त्याचं नाव ब्रिगेट. त्याच्या शेजारी कर्कगेट. जवळच्या वेकफील्डमध्ये पुन्हा एक कर्कगेट आणि जोडीला वेस्टगेट. यॉर्कला गेलं की तर गेटांची रांगच लागते: स्टोनगेट, पीटरगेट, कॉपरगेट, मिकलगेट, फॉसगेट, कॅसलगेट, स्केल्डरगेट, गुडरमगेट. नावात गेट, पण जागेवर ना कमान, ना दरवाजा, ना एखादा खांब. आणि यॉर्कच्या तटबंदीला जे खरेखुरे दगडी दरवाजे आहेत, त्यांना मात्र 'बार' म्हणतात! मिकलगेट बार, बूदम बार, मंक बार, वॉमगेट बार.

शाळेपासून गेट म्हणजे फाटक हेच शिकलोय. मग या लोकांनी रस्त्यांना गेट का म्हटलं असेल? मला वाटतं, पूर्वी प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी दार असणार. दार गेलं, नाव राहिलं, आपल्या चर्चगेटसारखं. पण आमच्या घरमालकीणबाई म्हणतात तसं मुळीच नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. गेट हा शब्द मुळात कुठून आला, त्याचे किती अर्थ होतात, तेही येऊ द्या. अवांतर चालेल, धाग्याला पुष्कळ वाटा फुटू देत.

गडभटक्या

यॉर्कचे लोक पाहुण्यांना एक वाक्य हमखास ऐकवतात: आमच्याकडे रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब म्हणतात. :)

शब्दवेल्हाळ

ओवी, घरमालकीणबाई बरोबर सांगतात. इंग्रजीत गेट हे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीत, ते मुळात दोन शब्द आहेत. दिसायला आणि ऐकायला सारखे झाले एवढंच.

पहिला गेट जुन्या इंग्रजीतला. तेव्हा तो 'यॅट'च्या जवळपास उच्चारत. अर्थ होता मोकळी जागा, भोक, भिंतीतली वाट. म्हणजे लाकडी फळी किंवा लोखंडी झडप हा अर्थ नंतरचा. आधी गेट म्हणजे नुसती आत शिरायची फट. डच भाषेत 'गाट' म्हणजे आजही भोकच. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या समुद्राला काटेगाट म्हणतात, त्या नावाचा अर्थ मांजराचं भोक. डच खलाशांना तिथून जहाज काढणं फार अडचणीचं वाटे.

दुसरा गेट उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा, म्हणजे व्हायकिंगांचा: 'गाटा'. अर्थ रस्ता, वाट. ८६६ साली व्हायकिंग लोकांनी यॉर्क घेतलं, त्याचं योर्विक केलं आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. बाजार मांडले, मुलंबाळं झाली, रस्त्यांना आपली नावं दिली. मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता. स्केल्डरगेट म्हणजे ढाली करणाऱ्यांची आळी. कॉपरगेट ऐकून तांब्याची आठवण होते, पण तांब्याचा तिथे काही संबंध नाही. ती लाकडी वाट्या-पेले करणाऱ्यांची आळी. १९७६ ते १९८१ या काळात कॉपरगेटला उत्खनन झालं तेव्हा चिखलात टिकून राहिलेले कातकामाचे लाकडी पेले, भांडी आणि कातताना मधून निघालेले गाभेसुद्धा सापडले. नावाने हजार वर्षं जे सांगितलं तेच जमिनीतून वर आलं. मला शब्दांचा अभ्यास का आवडतो याचं याहून चांगलं उदाहरण देता येणार नाही.

तुमचं ब्रिगेट म्हणजे पुलाचा रस्ता, आणि कर्कगेट म्हणजे चर्चचा रस्ता. कर्क हे चर्चचंच उत्तरेकडचं रूप.

बोरीबंदर_लोकल

क्या बात है! म्हणजे लीड्सचं कर्कगेट आणि आमचं चर्चगेट, दोघांचाही शब्दशः अर्थ चर्च आणि गेट, पण एक रस्ता आणि दुसरा दरवाजा.

चर्चगेटबद्दल थोडं. मुंबईच्या कोटाला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. यातला चर्च गेट आताच्या स्टेशनपाशी नव्हताच. तो होता हुतात्मा चौकाजवळ, फ्लोरा फाउंटनच्या आसपास. तिथून आत शिरलं की सरळ सेंट थॉमस चर्च. ते चर्च १७१८ साली उपासनेला खुलं झालं आणि आजही उभं आहे. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती पाडल्या. दरवाजा गेला, पण रस्त्याचं नाव चर्चगेट स्ट्रीट राहिलं, आणि त्या रस्त्याच्या पश्चिम टोकाला स्टेशन झालं त्यालाही तेच नाव मिळालं. पुढे रस्त्याचं वीर नरिमन रोड झालं आणि आता गेटचं नाव फक्त स्टेशनकडे उरलंय. म्हणजे ओवीताईंची 'दार गेलं, नाव राहिलं' ही कल्पना मुंबईला तंतोतंत लागू पडते, यॉर्कला नाही.

बझार गेट स्ट्रीट मात्र फोर्टात अजून आहे. जुन्या वहीखात्यांची आणि स्टेशनरीची दुकानं बघायची असतील तर जरूर फिरा.

ओस्लोकर

इकडे नॉर्वेत हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. इथलं स्पेलिंगही इंग्रजी गेटसारखंच, उच्चार साधारण 'गाटे'. आमच्या राजधानीचा मुख्य रस्ता कार्ल योहान्स गाटे, रेल्वे स्टेशनपासून थेट राजवाड्यापर्यंत. स्वीडनमध्ये 'गाटा', डेन्मार्कमध्ये 'गाडे', जर्मनीत 'गासे' म्हणजे गल्ली. सासूबाई भारतातून आल्या होत्या तेव्हा दर कोपऱ्यावरची पाटी वाचून विचारायच्या, 'अगं, एवढी गेटं आहेत, मग वॉचमन कुठेत?'

आजोबा_सातारा

चर्चा सुंदर चालली आहे. मला एक वेगळंच सुचवायचं आहे. गेट म्हणजे दोन भिंतींमधली वाट. आपला घाट म्हणजे दोन डोंगरांमधली वाट. आम्ही सातारकर खंबाटकी, पसरणी, आंबेनळी घाटांत वाढलो. घाट हे देशाचं आणि कोकणाचं दारच. गेट आणि घाट, उच्चार एवढा जवळ, अर्थ एवढा जवळ. मूळ एकच नसेल कशावरून?

शब्दवेल्हाळ

आजोबा, नमस्कार. अर्थाचं साम्य तुम्ही फार छान दाखवलंत. पण शब्दांचं नातं नुसत्या ऐकण्यावरून ठरवता येत नाही. इंग्रजी आणि संस्कृत दूरच्या बहिणी आहेत आणि दोघींमध्ये कोणत्या ध्वनीसमोर कोणता ध्वनी यायचा हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. इंग्रजी शब्दात ट असेल तर संस्कृतात त्या जागी द येतो: टू – द्वि, टेन – दश, टूथ – दंत, ईट – अद्. म्हणून गेटमधल्या ट ला घाटमधला ट चालत नाही. घाट आला संस्कृत 'घट्ट'वरून, आणि त्याचं कुटुंब वेगळं.

घाट शब्द इंग्रजीत गेला तो इथूनच, उसना. आपण घाट म्हणतो नदीला उतरायच्या पायऱ्यांना आणि डोंगरातल्या वाटेला. युरोपीय लोकांनी वाटेचं नाव अख्ख्या डोंगररांगेला चिकटवलं आणि सह्याद्रीचा 'वेस्टर्न घाट्स' झाला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या शब्दकोशात या गोंधळाची नोंद आहे.

आजोबा_सातारा

आपलं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण ध्वनीचे नियम विद्वानांना ठाऊक, बोलणाऱ्या माणसाला नव्हे. कंपनी सरकारचा एखादा गोरा साहेब खंडाळ्याच्या घाटात उभा राहिला असेल तेव्हा त्याच्या कानाला घाट आणि गेट जवळचेच वाटले असणार. मूळ एक नसेल, सहवास तर आहे! माझ्यापुरता मी हा सहवास सोडणार नाही.

मृण्मयी_वाचते

आजोबा +१. सहवासाचं नातंही नातंच.

शब्दवेल्हाळ, मग इंग्रजी डोअर आणि आपलं द्वार तरी एक आहेत ना? की तेही मोडणार?

शब्दवेल्हाळ

छे छे, ते सख्खे आहेत. डोअर, द्वार, ग्रीक 'थुरा', लॅटिन 'फोरेस', सगळे एकाच घरातले. त्यातही एक गंमत आहे. नियमाप्रमाणे संस्कृतात 'ध्वार' व्हायला हवं होतं, झालं 'द्वार'. दाराला दोन कवाडं असतात, जुन्या संस्कृतात हा शब्द अनेकदा द्विवचनातच येतो, त्यामुळे 'द्वि'च्या ओढीने ध चा द झाला असावा असं अभ्यासक मानतात.

आणि लॅटिनमधल्या त्याच दारावरून 'दाराबाहेरचं' या अर्थाने फॉरेन शब्द आला. फोरम म्हणजे घराबाहेरची मोकळी जागा, जिथे लोक जमून बोलायचे, तोही बहुधा तिथलाच. आपण इथे करतोय तेच.

दरवाजा मात्र आपण फारसीतून घेतला. पण फारसीतलं 'दर' पुन्हा त्याच घरातलं! म्हणजे मराठीत एकाच मूळ शब्दाने दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी प्रवेश केला, एकदा संस्कृत-प्राकृतातून दार होऊन आणि एकदा फारसीतून दरवाजा होऊन.

फाटक_मास्तर

आडनावाने फाटक असल्यामुळे या धाग्यावर हजेरी लावणं माझं कर्तव्य आहे. इंग्रजांत आमचे भाऊबंद आहेत का?

ओवी_लीड्स

आहेत की! माझ्या ऑफिसात एक येट्स आहेत. वर लिहिलेला 'यॅट' उच्चार वाचून मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, हो, येट्स म्हणजे गेटपाशी राहणारे. म्हणजे येट्स आणि गेट्स एकच आडनाव, उच्चाराच्या दोन तऱ्हा. मास्तर, बिल गेट्स तुमच्याच कुळातले निघाले.

फाटक_मास्तर

मग वर्गणी मागायला हरकत नाही. शाळेच्या फाटकाला रंग द्यायचा राहिलाय.

शब्दवेल्हाळ

येट्सवरून: जुन्या इंग्रजीत एकवचन 'यॅट' आणि अनेकवचन 'गाटू'. अनेकवचनातला ग पुढे एकवचनातही आला आणि आजचं गेट तयार झालं. पण य वाली रूपं कोपऱ्याकोपऱ्यात टिकली. वाय नदीकाठी सायमंड्स यॅट नावाचं गाव आहे. स्कॉटलंडच्या किल्ल्यांत लोखंडी जाळीच्या दाराला 'येट' म्हणतात.

फिजिओ_अनघा

मी रोज ज्या 'गेट'शी झगडते तो वेगळाच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचं 'गेट ट्रेनिंग' करायचं असतं. स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच, अर्थ चालण्याची ढब. टाच आधी टेकते का, वजन दोन्ही पायांवर सारखं येतं का, वळताना तोल जातो का, हे सगळं बघायचं. एका आजींच्या सुनेला म्हटलं, 'उद्यापासून गेट ट्रेनिंग सुरू', तर ती म्हणाली, 'अहो पण गेटपर्यंत त्यांना चालवणार कसं?' तो शब्द या दोन्हींतल्या कुणाचा?

शब्दवेल्हाळ

अनघाताई, फार मोलाची भर घातलीत. तो रस्तावाल्या गेटचाच सख्खा. वाट, मग वाटेने जाणं, मग जाण्याची तऱ्हा, असा अर्थ सरकत गेला. आधी दोन्हींचं स्पेलिंग एकच होतं, वेगळं स्पेलिंग बऱ्याच उशिरा रूढ झालं. म्हणजे यॉर्कच्या पाट्यांबाहेर तो नॉर्स शब्द तुमच्या दवाखान्यात जिवंत आहे. आजींना चालवा, व्हायकिंग खूश होतील. :)

गडभटक्या

आता 'बार'कडे वळू. बार म्हणजे आडवा दांडा. रस्त्यावर आडवा दांडा टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं, जकात घ्यायची, मग सोडायचं. फ्रेंचांकडून आलेला शब्द. त्या दांड्याच्या जागी पुढे दगडी दरवाजे उभे राहिले तरी नाव बारच. लंडनच्या टेंपल बारची सुरुवातही अशीच, खांबांना बांधलेल्या साखळीपासून. कोर्टातला दांडा म्हणजेही बार, म्हणून वकिलांची बार असोसिएशन. दारूच्या दुकानातला गल्ला आणि गिऱ्हाईक यांच्यामधला अडसर, तोही बार.

मी यॉर्कची तटबंदी पायी फिरलो आहे. किल्ले बघायची सवय असलेल्या माणसाला वॉमगेट बार नक्की आवडेल. दरवाजाच्या पुढे दोन्ही बाजूंनी भिंती काढून एक अरुंद चिंचोळी गल्ली केली आहे. शत्रू पहिल्या दारातून आत शिरला की वरून मारा. बाकीच्या दरवाजांच्या पुढच्या अशा भिंती पाडून टाकल्या, ही एकच टिकली. रायगडाचा महादरवाजा आठवा: दोन बुरुजांमधून वळण घेतल्याशिवाय दार दिसतच नाही. रचना वेगळी, पण डोकं तेच: शत्रूला दारापुढे गोळा होऊ द्यायचं आणि मोकळं मैदान द्यायचं नाही.

मिकलगेट बार हा दक्षिणेकडून येणारा राजमार्गाचा दरवाजा. राजद्रोह्यांची मुंडकी तिथे वर लावून ठेवत. १४६० मध्ये वेकफील्डच्या लढाईत रिचर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क मारला गेला, त्याचं मुंडकं इथेच लावलं. आपण अब्रूची लक्तरं वेशीवर टांगली म्हणतो, यांनी माणसंच टांगली.

मृण्मयी_वाचते

बापरे. पण वेस हा किती नेमका शब्द आहे आपल्याकडे! गावाची हद्दही वेस, आणि हद्दीवरचा दरवाजाही वेस. इंग्रजीत एवढ्याशा शब्दात हे दोन्ही सांगून दाखवावं.

क्रिकेटवेडा_पम्या

एवढी दारं झाली आणि विकेटचं नाव कुणीच घेतलं नाही?!

विकेट म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार. आपला दिंडी दरवाजा! शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघा, हत्तीच्या मस्तकाला लागावेत असे अणकुचीदार खिळे, आणि त्याच्याच एका कवाडात वाकून जायचं दिंडी दार. इंग्रजीत त्याला विकेट गेट. सुरुवातीच्या क्रिकेटमध्ये दोनच यष्ट्या आणि वर आडवी एक बेल असायची, दिसायला अगदी छोटं फाटक. म्हणून तिचं नाव विकेट. १७७५ साली लंपी स्टीव्हन्सने जॉन स्मॉलला टाकलेले चेंडू एकाच डावात तीन वेळा दोन यष्ट्यांच्या मधून निघून गेले आणि बेल पडलीच नाही. गोलंदाजावर हा अन्याय आहे अशी ओरड झाली, आणि मग मधली तिसरी यष्टी आली.

शिवाय बॅट आणि पॅडच्या फटीतून त्रिफळा उडाला की कॉमेंटेटर म्हणतो, 'थ्रू द गेट'. म्हणजे गेट म्हणजे फट, हा शब्दवेल्हाळ यांनी सांगितलेला सगळ्यात जुना अर्थ. ऑफस्पिनर राउंड द विकेट न येता डावखुऱ्याला... असो, थांबतो, नाहीतर धागा संध्याकाळपर्यंत ऑफस्पिनवरच राहील.

गडभटक्या

पम्या, राहू दे की. दिंडी दरवाजाची ही जोड मला माहीत नव्हती. पुढच्या वेळी शनिवारवाड्यात मुलांना नेईन तेव्हा हेच सांगणार.

गिरणगावकर

बाकीच्यांना गेट म्हटल्यावर किल्ले आठवतात, आम्हाला गिरणी आठवते. लालबाग-परळला गेट म्हणजे एकच, गिरणीचं गेट. घरात कुणी विचारलं, 'बाबा कुठेत?' तर उत्तर यायचं, 'गेटवर.' पाळी सुटायच्या वेळी भोंगा वाजला की गेटच्या आतून एक लोंढा बाहेर आणि बाहेरून एक लोंढा आत, मधे वॉचमन हातात बिल्ले घेऊन. बदली कामगारांची तर अख्खी उमेदवारी गेटवर गेली. सकाळी जाऊन उभं राहायचं, कायम कामगार कुणी आला नसेल तर जॉबर, म्हणजे मुकादम, बोट दाखवून आत घेणार, नाहीतर डबा तसाच घरी. माझे वडील वर्षानुवर्षं बदली होते. आई डब्यात भाकरीच द्यायची, चपाती कधी घालत नसे, कारण डबा परत आला तर चपाती वातड होते आणि भाकरी कुस्करून दुधात चालते.

युनियनची गेट मीटिंग व्हायची, पत्रकात तिला द्वारसभा छापत पण तोंडात कुणाच्या द्वारसभा नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. नंतरच्या वर्षांत किती गिरण्यांची गेटं पुन्हा नीट उघडलीच नाहीत. आता तिथे टॉवर आणि मॉल आहेत, चकचकीत काचेचे आपोआप सरकणारे दरवाजे आहेत. काहींची जुनी गेटं, चिमण्या ठेवल्यात शोभेला. माझ्या डोळ्यांपुढे गेट आलं की अजून तोच हिरवा रंग गेलेला पत्रा येतो.

ओवी_लीड्स

गिरणगावकर, मनापासून धन्यवाद. भाकरीबद्दल लिहिलंत ते आता विसरणार नाही. लीड्सही कापडगिरण्यांचंच गाव, लोकरीच्या. इथल्या जुन्या माणसांकडून अशाच गोष्टी ऐकायला मिळतात.

कोल्हापुरी_भाचा

आमच्याकडं पावसाळ्यात गेटची बातमी म्हणजे जीव टांगणीला. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात. 'राधानगरीचं तिसरं गेट पडलं' म्हटलं की पंचगंगेकाठची माणसं जनावरं सोडायला लागतात. पेपरात दरवाजा, पारावर गेट. आणि दरवाजा 'पडला' म्हणजे तुटला न्हाई बरं का, उघडला. कोयनेला सहा वक्र दरवाजे, ते फुटांच्या हिशोबानं उचलतात.

सर्किटवाला

कोल्हापुरीभाऊंच्या पाण्याच्या गेटवरून आमचं गेट. चिपमधल्या ट्रान्झिस्टरला तीन मुख्य टोकं असतात: सोर्स, ड्रेन आणि गेट. नावं बघा: उगम, निचरा आणि दार! वीज म्हणजे पाणी असं धरूनच नावं ठेवली. गेटला व्होल्टेज दिलं की मधली वाट उघडते आणि प्रवाह सोर्सकडून ड्रेनकडे जातो. काढलं की बंद. तुमच्या हातातल्या मोबाइलच्या चिपमध्ये अशी अब्जावधी दारं आहेत. त्यांच्या जोडण्यांतून लॉजिक गेट बनतात. अँड गेट म्हणजे दोन्ही चाव्या लावल्या तरच उघडणारं दार, ऑर गेट म्हणजे कुठलीही एक चालेल. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी राधानगरी सांगूनच शिकवतो.

मृण्मयी_वाचते

आणि मग ती मुलं इंजिनिअरिंगची 'गेट' परीक्षा देतात. तिथे उघडणं आणखी अवघड.

निवृत्त_उपसंपादक

एक तक्रार नोंदवतो. कुठलंही लफडं झालं की शेवटी 'गेट' लावायचं हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट नावाच्या इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसखोर पकडले गेले, आणि ते प्रकरण ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना अध्यक्षपद सोडायला लावूनच थांबलं. वॉटरगेट हे एका जागेचं नाव. त्यातलं अर्धं तोडून इराणगेट, मंकीगेट, सँडपेपरगेट, पार्टीगेट करण्यात काय अर्थ? कोळसा खाणींच्या प्रकरणात तर 'कोलगेट' मथळा आला, वाचणाऱ्याला टूथपेस्टची बातमी वाटली असेल. मी डेस्कवर असताना 'गेट' कापून 'प्रकरण' लिहायचो.

क्रिकेटवेडा_पम्या

साहेब, आदरपूर्वक असहमत. मंकीगेट म्हटलं की २००८ ची सिडनी कसोटी डोळ्यांसमोर उभी राहते, 'माकड प्रकरण' म्हटलं की वनखातं. शब्द लोकांनी उचलला म्हणजे तो कामाचा आहे.

निवृत्त_उपसंपादक

मुद्दा मान्य, आवड वेगळी. 'प्रकरण' शब्दात चौकशीचा वास आहे, 'गेट'मध्ये फक्त गलबला.

शब्दवेल्हाळ

भाषेच्या दृष्टीने बघितलं तर हा गेटचा तिसरा जन्म आहे. पहिला फट, दुसरा रस्ता, तिसरा घोटाळा. हा तिसरा पहिल्यातून निघाला हे आता बोलणाऱ्याला आठवतही नाही.

पाण्याच्या गेटांत सॅन फ्रान्सिस्कोचं गोल्डन गेट राहिलं. पूल १९३७ चा, पण गोल्डन गेट हे पुलाचं नाव नव्हे, खालच्या सामुद्रधुनीचं. फ्रेमाँट या अमेरिकन शोधप्रवाशाने ते १८४६ मध्ये दिलं, कॅलिफोर्नियात सोनं सापडायच्या आधी.

ओवी_लीड्स

मंडळी, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. आता माझा मूळ प्रश्न पुन्हा. नकाशात एखादं गेट दिसलं तर ते दारवालं की रस्तावालं हे ओळखायचं कसं? लंडनमध्ये ऑल्डगेट, बिशप्सगेट, मूरगेट, लडगेट आहेत. तीही व्हायकिंगांचीच का?

गडभटक्या

लंडनची ती सगळी दारंच. रोमन लोकांनी बांधलेल्या तटाचे दरवाजे, मूरगेट मात्र बरंच नंतरचं. चॉसर हा कवी १३७४ पासून बारा वर्षं ऑल्डगेटच्या वरच्या मजल्यावर राहत होता, खालून रोज शहराची येजा. बहुतेक दरवाजे १७६० च्या सुमारास रहदारीला अडचण म्हणून पाडले. आपल्या मुंबईच्या कोटाचं जे झालं ते लंडनचं शंभर वर्षं आधी झालं होतं.

शब्दवेल्हाळ

ओवी, ढोबळ खुणा सांगतो. गाव पूर्व किंवा उत्तर इंग्लंडमध्ये, म्हणजे जिथे डेन (डेन्मार्कच्या व्हायकिंग) लोकांचा कायदा चालायचा त्या मुलखात आहे का ते बघा. यॉर्क, लिंकन, नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर. तिथे गेटच्या आधी धंद्याचं, माणसाचं किंवा पुढच्या ठिकाणाचं नाव असेल तर बहुधा रस्ता. नॉटिंगहॅममध्ये ब्रायडलस्मिथ गेट आहे, लगाम करणाऱ्या लोहारांची आळी. फ्लेचर गेट खाटकांची. एकाच गावात अशी डझनभर गेटं असतील तर ते दरवाजे असूच शकत नाहीत. एवढी भोकं पाडलेला तट कुणी बांधेल का? उलट दक्षिणेत, तटाच्या रेषेवर एकेकटं गेट दिसलं तर दार.

अपवाद भेटतीलच. वेकफील्डचं वेस्टगेट ऐकायला पश्चिम दरवाजा वाटतं, पण तो पश्चिमेकडे जाणारा रस्ता आहे. म्हणून नाव वाचून न थांबता तिथे तट होता का ते विचारायचं.

लेस्टरची_मावशी

वाचनमात्र होते, आता राहवलं नाही. आमच्या लेस्टरला गॅलोट्री गेट आहे, भर खरेदीचा रस्ता. नाताळात दिव्यांनी झगमगतो. तुमच्या खुणा लावून बघितल्या: गॅलोट्री म्हणजे फाशीचं झाड! फाशीच्या जागेकडे जाणारी वाट. इतकी वर्षं तिथून पिशव्या भरून आणतेय.

आणि दुसरं बेलग्रेव्ह गेट. तिथूनच पुढे बेलग्रेव्ह रोड लागतो, आपल्या लोकांचा गोल्डन माइल. साड्या, सोनं, मिठाई, दिवाळीला रोषणाई. भारतातून कुणी आलं की विचारतात, 'इथे आपल्या लोकांसाठी गेट उभारलंय का?' मीही शोधलं होतं. म्हणजे हे बेलग्रेव्ह गावाकडे जाणारा रस्ता, बरोबर ना?

शब्दवेल्हाळ

अगदी बरोबर, मावशी. बेलग्रेव्ह पूर्वी शहराबाहेरचं वेगळं गाव होतं, त्याच्याकडे जायची ही वाट. हंबरस्टोन गेटही तसंच, हंबरस्टोनकडे जाणारं. दोन्ही जुन्या तटाच्या बाहेर आहेत.

लेस्टरची_मावशी

मग दिवाळीला या सगळे बेलग्रेव्ह गेटवरून. ओवी, लीड्सहून गाडी आहे. चकल्या माझ्याकडे.

ओवी_लीड्स

मावशी, येतेच. आणि यॉर्कातला सगळ्यात छोटा रस्ता अजून राहिलाय मंडळी: व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. त्याच्यासाठी नवा धागा काढू का?

गडभटक्या

काढा. मी खुर्ची पकडून बसलोय.